पफसमोर दर वेळी हरतोय, मार्थ सोडून फॉक्स घेऊ का?

पत्र थोडक्यात असं: मूळचा सांगलीकडचा, सध्या अमेरिकेत एमएस करणारा पंचविशीतला एक वाचक. तिकडे गेल्यावर रूममेटच्या नादाने सुपर स्मॅश ब्रदर्स मेली हा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळायला लागला, आता दर गुरुवारी कॉलेजजवळच्या वीकलीला, म्हणजे दर आठवड्याच्या छोट्या स्पर्धेला, जातो. पहिल्या दिवसापासून मार्थ, म्हणजे तलवारवालं कॅरेक्टर, आत्ताआत्तापर्यंत दुसरं घेतलं नाही. बाकीच्यांशी बऱ्यापैकी टक्कर देतो, पण तिथे एक जिग्लीपफ (थोडक्यात पफ, गोल गुलाबी फुग्यासारखं कॅरेक्टर) खेळणारा आहे आणि जानेवारीपासून ब्रॅकेटमधे, म्हणजे स्पर्धेच्या सामन्यांत, त्याच्याशी गाठ पडली की दर वेळी दोन-शून्य, एक गेमसुद्धा घेता आलेला नाही. ग्रुपमधले म्हणतात मार्थ-पफ मॅचअपच वाईट आहे, पफसाठी फॉक्स हे कॅरेक्टर शिक. महिनाभर फॉक्स घासला तर मनगट दुखायला लागलं आणि मार्थपण बिघडल्यासारखा वाटतोय. मधेच तो पफवाला स्वतःहून म्हणाला की ब्रॅकेट संपल्यावर फ्रेंडली, म्हणजे स्पर्धेबाहेरचे गेम, खेळत बसू, तर आपला गेम त्याला कशाला शिकवायचा म्हणून याने नाही सांगितलं. आता मार्थ कायमचा सोडायचा, का फक्त पफपुरता फॉक्स ठेवायचा, का हा माणूस समोर आला की सेट गेला असं धरूनच चालायचं? शेवटी एक ओळ आहे, "ताई, खरं सांगा, पफ हा काय गेम आहे का, नुसती हवेत तरंगत बसते."

तुझ्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते, कारण मला वाटतं घोडं तिथेच अडलंय. पफ हवेत तरंगत बसते हे खरंय, पण ती तिथे असते कारण जमिनीवर तिला फारसं काही जमत नाही. जमिनीवर ती रखडते, आणि हवेत आडवं जायचा तिचा स्पीड मेलीतल्या २६ कॅरेक्टरमधे सगळ्यात जास्त, वर हवेतल्या हवेत पाच उड्या. म्हणजे तरंगणं हेच तिचं चालणं आहे. तुझा मार्थ डॅश डान्स करत मागे-पुढे करतो आणि समोरच्याचा वार हुकायची वाट बघतो, ती तेच हवेत करते. तू केलंस की फुटवर्क आणि तिने केलं की टाइमपास, हे काही बरोबर नाही.

आणि हे मी पफवरच्या प्रेमातून बोलत नाहीये बरं का. मी स्वतः पीच खेळते, पीचला पफ म्हणजे काय असतं ते ज्याने भोगलंय त्यालाच माहीत, तुझ्याकडे निदान तलवार तरी आहे. पफवाल्यांवरचा राग मेलीत जुनाच आहे. २०१९ मधे पाउंड नावाच्या स्पर्धेत हंग्रीबॉक्स, म्हणजे जगातला सगळ्यात गाजलेला पफ खेळाडू, जिंकला तर प्रेक्षकांतून कुणीतरी त्याच्यावर चक्क खेकडा फेकला. (आपल्याकडे कुणी खेकडा असा वाया घालवला नसता, तो विषय वेगळा.) पण राग आला की माणूस बघायचंच बंद करतो. हा काय गेम आहे का असं एकदा म्हटलं की ती नेमकं काय करते ते बघायची गरज संपते, आणि मग दर गुरुवारी तेच.

ज्यांनी मेली बघितलेला नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. २००१ मधे गेमक्यूबवर आलेला निन्टेन्डोचा गेम, यात हेल्थ बार नसतो, मार बसेल तसे टक्के वाढतात, टक्के जितके जास्त तितका तुम्ही लांब उडता, आणि पडद्याच्या हद्दीबाहेर गेलात की एक स्टॉक, म्हणजे एक जीव, गेला. स्पर्धेत प्रत्येकाला चार स्टॉक आणि गेमला आठ मिनिटं. मॅचअप म्हणजे एक कॅरेक्टर दुसऱ्याला कितपत जड जातं, हा शब्द तर आयपीएलच्या कॉमेंट्रीमुळे आता घरोघरी पोचलाय, डावखुरा स्पिनर विरुद्ध उजव्या हाताचा बॅट्समन वगैरे. फक्त क्रिकेटमधे कॅप्टन त्या बॅट्समनचा स्वतःचा रेकॉर्डही बघतो, आणि तुमच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मॅचअपच्या चार्टमधे मार्थ आहे, पफ आहे, पण तू नाहीयेस आणि तो पफवालाही नाहीये.

बरं, चार्टवरच बोलू. मार्थ-पफबद्दल जाणकारांत एकमत नाही, कुणी बरोबरीचा धरतं, कुणी इकडे नाहीतर तिकडे जरासा झुकलेला. आपण तुझ्या ग्रुपचं ऐकू आणि पफच्या बाजूने ५५-४५ धरू. म्हणजे दोघं सारख्याच ताकदीचे असतील तर १०० गेममधले ४५ तुझे. बेस्ट ऑफ थ्रीचा हिशोब लावला तर सेट जिंकायची शक्यता साडेबेचाळीस टक्क्यांच्या आसपास येते. अजून वाईट धर, ६०-४० धर, तरी ३५ टक्के, म्हणजे तीन सेटमधला एक तुझा. आणि तू लिहितोस जानेवारीपासून गेमसुद्धा नाही. एवढा मोठा खड्डा मॅचअपने पडत नाही रे. मॅचअपचा त्यात थोडा वाटा असेलही, पण बाकीचं कारण दुसरं आहे, आणि ते दुसरं कारण तू फॉक्स घेतलास तरी तुझ्यासोबतच येणार.

माझा अंदाज सांगते. तुमच्या वीकलीला मार्थ किती आणि पफ किती ते आठव. मार्थ कुठेही गेलं तरी दोन-तीन सापडतातच, पफ असली तर एखादी. म्हणजे तो पफवाला दर आठवड्याला मार्थ खेळतो, रात्री स्लिपीवर, म्हणजे मेली ऑनलाइन खेळायच्या सॉफ्टवेअरवर, बसला की अजून मार्थ, त्याने मार्थवाल्यांच्या सगळ्या खोडी बघून झाल्यात. आणि तू पफ कधी बघतोस, तर ब्रॅकेटमधे, तेही दोन गेम, हात घामेजलेले, मागे चार जण उभे. चार्ट काढणारे गृहीत धरतात की दोघांनाही मॅचअप सारखाच माहीत आहे, तुमच्या दोघांत नेमकं तेच नाहीये. कमी दिसणाऱ्या कॅरेक्टरला हा फायदा वरच्या लेव्हललाही मिळतो. जपानच्या आमसाने योशी घेऊन २०२२ मधे द बिग हाउस १० जिंकलं, त्याआधी २०१९ मधे अ‍ॅक्सने पिकाचू घेऊन स्मॅश समिट ८ जिंकलं. दोघंही अफाट आहेत यात वादच नाही, पण समोरच्यांना घरी सराव करायला त्या तोडीचा दुसरा योशी मिळणार कुठून, हेही आहेच ना.

म्हणून तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते फॉक्सचं नाही, तो माणूस आपणहून बसू म्हणाला आणि तू नाही म्हणालास ते. गेम शिकवायचा नाही म्हणे. अरे त्याला तुझा गेम पाठ आहे म्हणूनच तर तो दोन-शून्य मारतोय, आता लपवायला राहिलंय काय? तासभर फ्रेंडली खेळलात तर त्याला तुझ्याबद्दल नवीन असं जवळजवळ काहीच कळणार नाही, आणि तुला मात्र ब्रॅकेटमधे वर्षभरात मिळाली नसती इतकी पफ एका रात्रीत बघायला मिळेल. हा सौदा सरळसरळ तुझ्या फायद्याचा आहे, उलट तो का तयार झाला याचंच मला नवल वाटतंय, बहुधा त्यालाही एकतर्फी जिंकून कंटाळा आला असेल.

फक्त बसशील तेव्हा जिंकायला बसू नकोस, विचारायला बस. "मला टिप्स दे" असं मोघम विचारलंस तर उत्तरही मोघम मिळेल, थोडा धीर धर वगैरे. नेमकं विचार. मी काय केलं की तुला बरं वाटतं? मी शील्डमधे असलो की तू कशाची वाट बघतोस? मी स्टेजबाहेर गेलो की तुला आधी काय दिसतं? रेस्ट (अंगाला खेटून मारायचा पफचा जीवघेणा वार) तू आधीच ठरवून मारतोस का माझी एखादी ठरावीक हालचाल बघून? मेलीवाल्यांना कुणी आपल्या कॅरेक्टरबद्दल विचारलं की ते थांबत नाहीत, तुला झोप येईल पण त्याचं बोलणं संपणार नाही. आणि समजा नाहीच सांगितलं त्याने काही, तरी दहा गेम हातात आलेच की.

आता थोडं प्रत्यक्ष खेळाबद्दल. तुझे गेम मी बघितलेले नाहीत, पण पफला हरणारे मार्थ खूप बघितलेत आणि त्यांचे स्टॉक बऱ्याचदा त्याच त्याच तीन-चार ठिकाणी जातात.

सगळ्यात मोठी सवय दोन फेअरची (फेअर म्हणजे हवेतून पुढे मारलेला वार, बॅक एअर मागे, अप एअर वर; टिल्ट म्हणजे जमिनीवरचा हलका वार). मार्थ शॉर्ट हॉपमधे, म्हणजे एका छोट्या उडीत, दोन फेअर मारू शकतो, दिसायला भारी दिसतं, तलवारीची भिंतच उभी राहते आणि बाकी बऱ्याच कॅरेक्टरवर चालतंही. पण पफ समोर असली की बघ काय होतं. ती तुझ्या तलवारीच्या टोकापासून बोटभर लांब, हवेत. पहिला फेअर रिकामा, ती जागची हलत नाही. दुसरा फेअर रिकामा, आता तू खाली येतोयस, उतरताना एल-कॅन्सल केलंस, म्हणजे बटण दाबून उतरण्यातला वेळ कमी केलास, तरी थोडे फ्रेम तुझ्या हातात काहीच नाही, आणि ती नेमकी त्या वेळेला आत सरकते, पाठ फिरवून बॅक एअर. तुला वाटतं बॅक एअर फार लांब लागतो, चीट आहे. लांब लागतो हे खरंय, पण तो लागला कारण तू कधी उतरणार हे तिला उडी मारल्यापासून माहीत होतं. एकच फेअर मार, तोही मागे सरकत, आणि दुसऱ्याची वेळ आली की काहीच करू नकोस. ती दुसऱ्या फेअरच्या हिशोबाने आत आली की तू आधीच जमिनीवर मोकळा, वर बघून अप टिल्ट किंवा अप एअर. पहिल्या काही गेमला हे फार विचित्र वाटेल, बोटं आपोआप दाबायला जातील. तरी तू रिकामी उडी मारायला लागलास हे एकदा त्याला दिसलं ना, की त्याचं आत शिरायचं टाइमिंगच गडबडतं, आणि त्या गडबडीत तुझे खरे फेअर लागायला लागतात.

जमिनीवर पफ खाली बसली की बऱ्याच जणांचे ग्रॅब (पकडायचे प्रयत्न) तिच्या डोक्यावरून जातात. पफवाले समोरच्याला ग्रॅबला चिथवायला मुद्दाम बसतात, फुकट ग्रॅब हुकला की पुढचं तुला माहितीये. बसलेल्या पफला डाउन टिल्ट, लांबून, बस. आणि ग्रॅब लागलाच तर फॉक्ससारखा लांब कॉम्बो मिळणार नाही कारण ती हलकी आणि तरंगणारी, थ्रो करून कडेकडे ढकललीस तरी खूप झालं.

मग रेस्ट. हा पहिल्याच फ्रेमला लागतो, सेकंदात ६० फ्रेम असतात, त्यामुळे बघून चुकवणं विसर. चुकवायचं असतं ते त्याच्या आधीचं, तिचा अप एअर, नाहीतर तू अगदी अंगाला खेटून रिकामा मारलेला वार. म्हणजे जागा हवी, परत तेच, तलवारीच्या टोकावर राहा. आणि रेस्ट हुकला की ती सुमारे चार सेकंद झोपते, चार सेकंद म्हणजे मेलीत उन्हाळ्याची सुट्टी. तरी मी मार्थवाल्यांना घाईघाईत जवळ जाऊन तलवारीच्या मधल्या भागाने फॉरवर्ड स्मॅश मारताना बघितलंय, ती उडते आणि परत येते. टिपर हवा, टोक लागलं पाहिजे, टिपरने पफ फार लवकर मरते, कडेला तर विचारूच नको. हे अंतर डोळ्यात बसवायला साधा ट्रेनिंग मोड पुरतो, पफ उभी कर आणि रोज पाच मिनिटं फक्त चार्ज केलेला टिपर.

रेस्टने मेलास तरी खेळ थांबत नाही. ती खाली झोपलेली असते आणि तू नव्या स्टॉकच्या प्लॅटफॉर्मवर येतोस, तिथे उसासे टाकत उभा राहू नकोस, लगेच उतर. कधीकधी वेळ पुरत नाही, विशेषतः तू तारा होऊन आकाशात गेलास तर त्यातच सगळा वेळ जातो, पण पुरतो तेव्हा स्टॉकला स्टॉक.

स्टेजबाहेरचं: मार्थचा अप-बी, म्हणजे परत यायची खास चाल, मुख्यतः वर जातो, आडवा फारसा नाही, त्यामुळे बाहेर फेकला गेल्या गेल्या डबल जंप जाळलीस तर तू कुठे येणार हे सगळ्या वीकलीला कळतं. जंप जपून ठेव. आणि ती बाहेर असेल तर तिच्या उड्या मोज, अक्षरशः तोंडाने मोज, पाच संपल्या की तिला यावंच लागतं कारण तिच्या अप-बीने, म्हणजे त्या गाण्याने, वर जाता येत नाही, फार तर पाउंड नावाचा ठोसा मारून थोडं वर सरकेल. तिच्यामागे लांब बाहेर जायच्या फंदात पडू नकोस, ती परत येईल, तू येणार नाहीस.

बाकी शील्ड ब्रेकचं एक गंमत म्हणून सांगून ठेवते, पफची शील्ड फुटली की ती इतकी वर उडते की वरूनच मरते. मार्थकडे शील्ड ब्रेकर आहे. पूर्ण चार्ज करायला वेळ लागतो त्यामुळे रोज मिळणार नाही, पण एकदा जरी मिळाला तरी तो माणूस नंतर शील्ड धरताना विचार करेल.

यातलं तुझं काय आहे ते मी सांगू शकत नाही, ते तुलाच शोधायचंय. फ्रेंडली स्लिपीवर खेळा, त्यात प्रत्येक गेमची फाइल आपोआप सेव्ह होते. दोन गेम हरलास म्हणजे आठ स्टॉक गेले. आठच्या आठ बघ, आणि प्रत्येक स्टॉक ज्या फटक्यापासून सुरू झाला, शेवटचा नाही, पहिला फटका, त्याच्या एक सेकंद आधी तू काय दाबत होतास ते वहीत लिही. कॉम्बोबद्दल काही लिहू नकोस, त्याने किती छान खेळलं तेही नको. आठपैकी पाच ओळी सारख्या निघाल्या तर मला आश्चर्य वाटणार नाही. मग पुढचे तीन-चार आठवडे फक्त ती एक गोष्ट, बाकी हरलास तरी चालेल. आपले लोक रिप्ले बघतात ते बहुतेक स्वतः जिंकलेले, हा माझा अनुभव आहे, चहा घेत घेत छान वाटतं म्हणून.

फॉक्सकडे येते. तुझा ग्रुप अगदीच चुकीचं बोलत नाहीये. स्वीडनचा आर्माडा, पीच खेळणाऱ्यांचा बादशहा, हंग्रीबॉक्सच्या पफपुढे इतका वैतागला की आधी यंग लिंक घेऊन लांबून बॉम्ब आणि बूमरँग फेकत खेळला, आणि मग फॉक्सच शिकला. म्हणजे एका मॅचअपसाठी दुसरं कॅरेक्टर ठेवणं यात कमीपणा काही नाही. पण पुढचं पण बघ, २०१६ च्या इव्हो या मोठ्या स्पर्धेची फायनल, आर्माडाकडे तोच फॉक्स, आणि जिंकला हंग्रीबॉक्स. नंतर आर्माडाने त्याला फॉक्सने हरवलंही, तेव्हा फॉक्स फुकट गेला असं मी म्हणत नाहीये, पण त्या दर्जाचा माणूसही फॉक्स घेतला आणि प्रश्न मिटला असं म्हणू शकला नाही.

आणि पफविरुद्ध फॉक्सची स्वतःची डोकेदुखी आहे. फॉक्स पटकन खाली पडतो, म्हणून पफचा अप थ्रो आणि त्यातून रेस्ट हे कमी टक्क्यांवर फॉक्सला सरळ लागतं. मार्थला ते तसं लागत नाही. आज तू जिथे ग्रॅब खाऊन कुरकुरत परत येतोस तिथे फॉक्सचा आख्खा स्टॉक जाईल, आणि त्या पफवाल्याने फॉक्स तर मार्थपेक्षाही जास्त खेळलेले असणार, कारण फॉक्स नाही अशी वीकली मला तरी माहीत नाही. शिवाय हरल्यानंतरची भानगड, पहिला गेम मार्थने गेला की नियमाप्रमाणे जिंकणारा आधी कॅरेक्टर सांगतो आणि हरणारा नंतर, तिथेच चल आता फॉक्स काढू असा मोह होतो, आणि थंड हातांनी, डोकं गरम असताना, अर्धवट शिकलेला फॉक्स बाहेर येतो. त्यातून हरलास की मार्थ वाईट का फॉक्स कच्चा हेही कळत नाही.

त्यामुळे फॉक्स नकोच असं नाही, पण पफ मारायचं औषध म्हणून नको. फॉक्स खेळताना मजा येते का, पफ जगात नसती तरी तू तो घेतला असतास का, उत्तर हो असेल तर खुशाल शीक, वर्षभराचा वेळ धर, थीसिस सांभाळून. उत्तर नाही असेल तर मला सांग, तो पफवाला मे महिन्यात डिग्री घेऊन दुसऱ्या गावी नोकरीला गेला तर तू त्या फॉक्सचं काय करणार आहेस? कॉलेजच्या गावातल्या वीकलीचं हे असंच असतं, दर उन्हाळ्याला अर्धी माणसं बदलतात, ज्याच्यासाठी आपण रात्र-रात्र जागलो तो ऑगस्टमधे दिसतच नाही. मार्थ कायमचा सोडायच्या तुझ्या प्रश्नालाही माझ्याकडून हेच उत्तर, एका माणसासाठी मेन, म्हणजे आपलं मुख्य कॅरेक्टर, बदलू नये. कंटाळा आला म्हणून बदल, दुसरं कुणी जास्त आवडलं म्हणून बदल.

तुझा तिसरा पर्याय, सेट गेला असं धरून चालणं, तो मी इतक्या सहज हसण्यावारी नेणार नाही. एका मॅचअपवर पाणी सोडून बाकीच्या गोष्टी सुधारणारे लोक असतात आणि त्यांचं बरं चाललेलं असतं. तुला आठवड्याला तीनच तास मिळत असतील आणि पफ एकच असेल तर ते तास फॉक्स-फाल्कोवर घालवणं जास्त शहाणपणाचं, असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पण तू मला एवढं लांब पत्र लिहिलंयस, म्हणजे तुला ते सोडवत नाहीये.

स्टेजचं राहिलं. मोठ्या स्पर्धांत साधारण सहा स्टेज असतात, पाचातून पहिली निवडायची, सहावी फक्त काउंटरपिकला, म्हणजे पुढच्या गेमला. ड्रीमलँड पफचं माहेर, मोठी, छत उंच, हद्दी लांब, तिला हवं तितकं लांब राहता येतं. बेस्ट ऑफ थ्रीत बॅन मिळत असेल आणि पहिला गेम चुकून जिंकलास तर डोळे मिटून ड्रीमलँड बॅन कर. तू हरलास तर निवड तुझी, मग योशीज स्टोरी बघ, छोटी आहे, तुझी तलवार जवळजवळ सगळीकडे पोचते आणि कडेला टिपर लागला की खेळ संपला. तोटाही आहे, तिचं छत या सगळ्यांत ठेंगणं, रेस्ट तिथे तुला लवकर मारेल. ते नको असेल तर बॅटलफील्ड. तुमच्या वीकलीचे नियम आयोजकाला आधी विचारून ठेव, सेट सुरू झाल्यावर कंट्रोलर हातात धरून विचारू नये.

बाकी वाचकांपैकी जे अल्टिमेट, म्हणजे स्मॅश मालिकेतला नंतरचा गेम, खेळतात त्यांच्यासाठी, तुमच्याकडे ऐंशीच्या वर फायटर आहेत, सगळे मॅचअप शिकणं शक्यच नाही, तुमच्या गावात जे दिसतात ते शिका आणि चार्ट बाजूला ठेवा. आणि भारतात फोनवर नाहीतर लॅपटॉपवर ब्रॉलहल्ला खेळणारे बरेच जण मला लिहितात की अमुक लेजंड (तिथलं कॅरेक्टर) समोर आला की हरतो, तर तिथे आधी शस्त्र बघा, लेजंड नाही. प्रत्येक लेजंडकडे दोन शस्त्रं आणि तीच शस्त्रं बाकीच्या लेजंडकडेही असतात, भाल्यासमोर का हरता ते कळलं की भालावाले सगळेच सोपे होतात.

मनगटाबद्दल मात्र गंमत नाही. दुखतंय म्हणजे फॉक्स आजपासून बंद, मार्थपण दुखणं थांबेपर्यंत कमी, आणि कॉलेजच्या हेल्थ सेंटरला दाखवून ये, विद्यार्थ्यांच्या इन्शुरन्समधे काय बसतं ते आधी विचार. तोपर्यंत रिप्ले बघायला मनगट लागत नाही. ब्रॅकेट संपल्यावर त्या पफवाल्याला गाठ, आधी नाही म्हणालो होतो, आता बसूया का असं सरळ विचार, आणि आठ स्टॉकची ती यादी झाली की मला पाठव, मला खरंच बघायचीये.